मातीतले जिवाणू प्लॅस्टिक कुजवतात का? डब्यातला प्रयोग लावताना कुठे चुकते आणि कसे लावावे

प्लॅस्टिकची पट्टी मातीत पुरली, दोन महिन्यांनी काढली, वजन घटलेले दिसले आणि तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिहिले: "जिवाणूंनी प्लॅस्टिक खाल्ले." विज्ञान प्रदर्शनांतले बरेचसे प्रकल्प इथेच फसतात. घटलेल्या वजनात कधी पिशवीत मिसळलेली चुनखडीची भुकटी विरघळून गेलेली असते, कधी पट्टीचा कोपरा तुटून मातीत राहिलेला असतो, तर कधी पट्टी आधी दमट असताना आणि नंतर कडक सुकल्यावर तोललेली असते. उलटही घडते. चिखल नीट न निघाल्यामुळे वजन वाढते आणि तो आकडा वहीतून गुपचूप खोडला जातो.

गावातली माध्यमिक शाळा, कनिष्ठ महाविद्यालय किंवा "ही कंपोस्टेबल पिशवी आपल्या मातीत खरंच कुजते का" हे पाहू इच्छिणारा बचत गट, यांना झेपेल अशी ही पद्धत आहे. पहिले सात टप्पे शाळेत होतात. आठव्याला प्रयोगशाळा लागते.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. साध्या पॉलिथिनची पट्टी चार महिन्यांत जवळजवळ जशीच्या तशी निघेल, आणि तेच बरोबर उत्तर आहे. पॉलिथिनची साखळी नुसत्या कार्बन-कार्बन बंधांची असते. पाण्याच्या मदतीने जिथे चिरता येईल असा सांधा तिच्यात नाही, म्हणून जिवाणूंच्या विकरांना (मोठे रेणू तोडणाऱ्या प्रथिनांना) धरायला जागा सापडत नाही. पेट (पाण्याच्या बाटलीचे प्लॅस्टिक), पीएलए आणि पीबीएटी (कंपोस्टेबल वस्तूंत वापरतात ती प्लॅस्टिके) यांच्या साखळीत एस्टरचे, म्हणजे पाण्याच्या मदतीने चिरता येतील असे, सांधे असतात, तिथे निदान शक्यता तरी आहे.

१. प्लॅस्टिक निवडणे आणि ओळखणे

तीन प्रकारच्या पट्ट्या घ्या.

पहिली, मल्चिंग पेपरची. मिरची-टरबुजाच्या वाफ्यांवर अंथरतात तो २५ किंवा ३० मायक्रॉनचा पॉलिथिनचा पेपर. शक्यतो न वापरलेला घ्या. वावरात वर्षभर उन्हात पडलेला पेपर आधीच ठिसूळ झालेला असतो. तो वापरायचाच असेल तर वेगळा गट करा, नव्यात मिसळू नका.

दुसरी, "कंपोस्टेबल" छापलेल्या पिशवीची. अशा पिशवीवर आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक असायला हवा. नुसते हिरवे पान आणि "इको" एवढेच छापलेले असेल तर तिला "अज्ञात" गटात टाका. "ऑक्सो" प्रकारची पिशवी वेगळीच. ती उन्हात भुगा होते, पण भुगा म्हणजे कुजणे नव्हे. ते प्लॅस्टिकचेच बारीक तुकडे असतात.

तिसरी पट्टी सुती कापडाची: मांजरपाट, खळ धुऊन काढलेले. ही प्रयोगाची साक्षीदार. हिच्याशिवाय प्रयोग लावूच नका. सुती पट्टी विरली नाही तर तुमची माती कोरडी, थंड किंवा मेलेली आहे, मग प्लॅस्टिकबद्दल काही बोलायला जागा उरत नाही. पॉलिस्टर मिसळलेले कापड चालणार नाही. एक धागा जाळून पाहा: सुताची भुरभुरीत राख होते, पॉलिस्टरचा कडक मणी होतो.

तपासा: पट्टीचा छोटा तुकडा साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात बोटाने बुडवून सोडा. शुद्ध पॉलिथिन पाण्यापेक्षा हलके असते, ते वर येते. बुडून राहिले तर त्यात चुनखडीची भरड आहे किंवा ते पॉलिथिनच नाही. भरड असलेली पिशवी या प्रयोगाला घेऊ नका. आंबूस मातीत ती भुकटी विरघळते आणि वजन फुकट घटते.

आणखी एक सोपी चाचणी. कंपोस्टेबल पिशवीच्या तुकड्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. निळा-काळा डाग पडला तर तिच्यात स्टार्च आहे. स्टार्च मातीत आधी जाते, म्हणून अशा पिशवीचे सुरुवातीचे वजन भराभर घटते आणि मग वेग मंदावतो. पहिल्या महिन्याचा आकडा पाहून हुरळून जाऊ नका.

२. माती: कुठून, कधी, कशी

जिथे प्लॅस्टिक वर्षानुवर्षे पडून आहे तिथली माती घ्या: ग्रामपंचायतीच्या उकिरड्याची कड, किंवा जुना मल्चिंग पेपर नांगरटीत गाडला गेलेल्या वावराचा धुरा. वरचा केरकचरा बाजूला सारून १० ते १५ सेंटिमीटर खोलीवरून, पाच जागांची, मिळून ४ ते ५ किलो. कचरा पेटवतात ती जागा टाळा. राखेने सामू चढतो आणि जिवाणू भाजून गेलेले असतात.

वेळ महत्त्वाची आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची वरची माती भट्टीतून काढल्यासारखी असते. पहिले दोन-तीन पाऊस पडून वापसा आला की माती आणा. जुलैत सुरू केलेला प्रयोग नोव्हेंबरात संपतो. उन्हाळ्याचा ४५ अंशांचा तडाखा आणि थंडीच्या गार रात्री, दोन्ही चुकतात.

काळ्या मातीची अडचण अशी की ओली झाली की फुगते, चिकटते, हवा कोंडते, आणि वाळली की भेगाळते व पट्टीला ओढून फाडते. म्हणून दोन भाग मातीला एक भाग धुतलेली जाड रेती मिसळा. वर एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतके जुने, भुरभुरीत शेणखत. ताजे शेण नको, ते आंबते, तापते आणि प्राणवायू खाऊन टाकते. सगळे साधारण २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा आणि दिसतील तेवढे जुने प्लॅस्टिकचे तुकडे वेचून काढा. ते राहिले तर शेवटी कुठला तुकडा कोणाचा हे कळणार नाही.

आता पाण्याचा हिशेब. तळाला भोके पाडलेल्या डबीत कापड घालून १०० ग्रॅम सुकी माती भरा, तुडुंब पाणी द्या, झाकून रात्रभर निथळू द्या, सकाळी तोला. समजा मातीने ५० ग्रॅम पाणी धरले. प्रयोगात याच्या निम्मे ते साठ टक्के पाणी ठेवायचे, म्हणजे एक किलो सुक्या मातीला २५० ते ३०० मिलिलिटर. हा आकडा प्रत्येक मातीचा वेगळा असतो, शेजारच्या गावाचा उचलू नका. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी निघू नये.

३. मेलेली माती तयार करणे

हा टप्पा लोक सर्वांत जास्त गाळतात, आणि निष्कर्षाला अर्थ येतो तो याच टप्प्यामुळे. एकूण सहा डबे लागतील: तीनमध्ये जिवंत माती, तीनमध्ये मारलेली. मेलेल्या मातीत पट्टीचे जेवढे वजन घटेल ते जिवाणूंचे काम नव्हे. ते विरघळणे, झिजणे आणि तोलण्यातली चूक.

मिसळून ठेवलेल्यातली ३ किलो माती किंचित ओलसर करून कापडी पिशव्यांत सैल भरा आणि कुकरमध्ये जाळीवर ठेवा. खाली पाणी भरपूर, पिशवीला पाणी लागू नये. पूर्ण दाब आल्यावर मंद आचेवर एक तास. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा एकेक तास, मधल्या रात्री माती साध्या तापमानाला. एकदाच उकडून भागत नाही, कारण बॅसिलससारखे जिवाणू बीजाणू करून बसतात. रात्रीतून ते रुजतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वाफेत मरतात.

इशारा: लांब वेळ चालवताना कुकरमधले पाणी आटते. अर्ध्या तासाने गॅस बंद करा, दाब पूर्ण उतरू द्या, पाणी पाहा, मगच पुढे चालवा. हा कुकर पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

फिनेल किंवा फॉर्मेलिन ओतून माती "मारणे" चुकीचे आहे. ही रसायने पट्टीत शिरतात आणि वजन बदलतात.

४. पट्ट्या कापणे, खूण करणे, तोलणे

पट्टी ५ × १० सेंटिमीटर. छपाईचा भाग आणि शिवणीची कड सोडा. प्रत्येक डब्यात तीन प्रकारच्या दोन-दोन, म्हणजे सहा पट्ट्या. सहा डब्यांच्या मिळून ३६. शिवाय प्रत्येक प्रकारच्या दोन पट्ट्या कोरड्या बरणीत राखून ठेवा, शेवटी ताडून पाहायला.

खूण मार्कर पेनने करू नका, शाई निघते. कोपऱ्यावर कात्रीने खाचा पाडा: एक खाच, दोन खाचा, तिरपा काप. खाचा आधी, वजन नंतर. हा क्रम उलटा झाला तर कापलेला चिमूटभर तुकडा "कुजला" म्हणून मोजला जातो.

पट्ट्या सौम्य साबणाच्या पाण्यात धुवा, तीनदा स्वच्छ पाण्यातून काढा, मग प्लॅस्टिकच्या पट्ट्या ७० टक्के स्पिरिटमध्ये अर्धा तास बुडवा. वाळवणे सावलीत, आणि शेवटचे २४ तास सिलिका जेलच्या पुड्या ठेवलेल्या बंद बरणीत. कंपोस्टेबल पट्टी उन्हात किंवा इस्त्रीखाली वाळवू नका. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडून आकसते.

काटा कोणता? ३० मायक्रॉनच्या ५ × १० सेंटिमीटर पट्टीचे वजन जेमतेम ०.१४ ग्रॅम भरते. त्याचा एक टक्का म्हणजे १.४ मिलिग्रॅम. किराणा दुकानातला काटा इथे आंधळा आहे. दहा मिलिग्रॅमचा काटाही कामाचा नाही. महाविद्यालयातला किंवा सराफाकडचा मिलिग्रॅम दाखवणारा काटा लागेल. पंखा बंद, दार बंद, पट्टी चिमट्याने धरायची. प्रत्येक पट्टी तीनदा तोलून सरासरी घ्या. शेवटचे वजनही त्याच काट्यावर झाले पाहिजे.

तपासा: एकच पट्टी दहा मिनिटांच्या अंतराने तोलल्यावर २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फरक पडत असेल तर ती अजून सुकलेली नाही. बरणीत परत ठेवा.

५. डबे भरणे

दोन लिटरच्या रुंद तोंडाच्या डब्यात एक किलो सुक्या मातीच्या हिशेबाने माती आणि मोजलेले पाणी. मातीचे मडके नको, ते पाणी पिते. प्रत्येक पट्टी डासांच्या जाळीच्या छोट्या पिशवीत घालून पुरा. पट्टी ठिसूळ होऊन तुटली तर तुकडे जाळीत राहतात, नाहीतर हरवलेला तुकडा "खाल्लेला" ठरतो. जाळी सुतीची नको, ती स्वतःच कुजेल.

पट्टी उभी, घडी न घालता, दोन्ही बाजूंनी माती टेकलेली. आडवी ठेवली तर वरच्या बाजूला पाण्याची चकती साचते आणि खाली हवेची पोकळी राहते. दोन पट्ट्यांत दोन बोटांचे अंतर. झाकणाला चार-पाच बारीक भोके, त्यांवर कापसाचा पातळ थर. मेलेल्या मातीचे डबे आधी भरा, हात आणि अवजारे स्पिरिटने पुसून. जिवंत मातीचा हात मेलेल्या मातीत गेला की तो डबा बाद.

इथे सर्वांत मोहक चूक होते: गूळ आणि बेसन. जीवामृतात ते घालतात, मग इथे का नको? जीवामृतात जिवाणू वाढवायचे असतात. इथे त्यांनी प्लॅस्टिककडे वळावे अशी अपेक्षा आहे. पुढ्यात गूळ असताना पॉलिथिन कोण चाखेल? जिवाणू कोट्यवधी होतील, वास सुटेल, पट्टी तशीच राहील. बाजारातली "प्लॅस्टिक कुजवणारी" द्रावणेही मुख्य प्रयोगात ओतू नका. पाहायचीच असतील तर त्यांचे स्वतंत्र तीन डबे लावा.

६. चार महिन्यांची राखण

डबे घरात, सावलीत, २८ ते ३२ अंशांच्या आसपास. टिनाच्या छपराखाली नको. भरल्या दिवशी प्रत्येक डब्याचे एकूण वजन झाकणावर लिहा आणि दर आठवड्याला त्याच वारी तोला. जेवढे ग्रॅम कमी, तेवढेच मिलिलिटर उकळून गार केलेले पाणी. या कामाला किराण्याचा काटा पुरतो. अंदाजाने पेलाभर पाणी ओतणे हे या टप्प्यातले दुखणे आहे. काळी माती एकदा गच्च झाली की हवा जाते, वास येतो, आणि हवेवर जगणारे जिवाणू मागे पडतात.

पट्टी मधेच काढून पाहून परत पुरू नका. म्हणूनच प्रत्येक प्रकारच्या दोन पट्ट्या आहेत.

३० वा दिवस: एक सुती पट्टी. जिवंत मातीतली ओढल्यावर सहज फाटायला हवी, ठिकठिकाणी डाग आणि भोके हवीत. मेलेल्या मातीतली बऱ्यापैकी शाबूत हवी. जिवंत डब्यातली सुती पट्टी धडधाकट निघाली तर ओल आणि तापमान तपासा आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा. मेलेल्या डब्यातलीही विरली असेल तर डब्यात जिवाणू शिरले आहेत. तो डबा तुलनेतून काढा.

६० वा दिवस: दुसरी सुती, एक मल्चिंग, एक कंपोस्टेबल.

१२० वा दिवस: उरलेल्या.

७. धुणे, सुकवणे, हिशेब

जाळीसकट पट्टी ताटलीत ठेवा, मऊ ब्रशने सुकी माती झाडा. मग प्लॅस्टिकची पट्टी २ टक्के सोडियम लॉरिल सल्फेटच्या (साबणासारख्या फेसाळ पदार्थाच्या) द्रावणात चार तास. पट्टीवर बसलेली जिवाणूंची बुळबुळीत साय याने सुटते. नंतर तीन पाण्यांतून काढा. घासणी वापरू नका, ओरखड्यांसोबत प्लॅस्टिकही जाते. कंपोस्टेबल पट्टी जीर्ण झाली असेल तर जाळीतच धुवा आणि जाळीतले तुकडे चिमट्याने वेचून तिच्याच वजनात धरा. सुकवणे आणि तोलणे चौथ्या टप्प्याप्रमाणेच.

हिशेब असा. प्रत्येक पट्टीची घट टक्क्यांत काढा. तीन जिवंत डब्यांची सरासरी, तीन मेलेल्या डब्यांची सरासरी, आणि मग वजाबाकी. समजा मल्चिंगच्या पट्टीची घट जिवंत मातीत ४.२ टक्के आणि मेलेल्या मातीत ३.५ टक्के आली. फरक ०.७ टक्का. आपल्या काट्याला ०.१४ ग्रॅमच्या पट्टीत दोन टक्क्यांखालचे काही विश्वासाने दिसत नाही, म्हणून लिहायचे: "फरक आढळला नाही." ४.२ हा आकडा ठळक करून तक्त्यावर लावणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक. तीन जिवंत डब्यांचे आकडे आपसांतच दूरदूर असतील तर सरासरी काढण्याआधी कोणत्या डब्यात गडबड झाली ते शोधा.

मल्चिंगची पट्टी शून्याच्या आसपास येईल. कंपोस्टेबल पिशवीत स्टार्च आणि पीबीएटी असेल तर ती बऱ्यापैकी जीर्ण होईल. निव्वळ पीएलएची वस्तू, उदाहरणार्थ पारदर्शक पेला, आपल्या मातीच्या तापमानाला फारशी हलणार नाही. तिला मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातली साठ अंशांच्या जवळची ऊब सलग लागते. पिशवीवर "कंपोस्टेबल" लिहिलेले खोटे नसते, पण ते उकिरड्यासाठी लिहिलेले नसते.

८. पुढची पायरी: जिवाणू वेगळे करणे (फक्त प्रयोगशाळेत)

महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा आणि जाणकार शिक्षक असतील तरच.

जिवंत डब्यातल्या पट्टीलगतची १० ग्रॅम माती ९० मिलिलिटर निर्जंतुक ०.८५ टक्के मिठाच्या पाण्यात हलवा, गाळ बसू द्या. माध्यम, म्हणजे जिवाणू वाढवायचे द्रावण, म्हणून बुशनेल-हास ब्रॉथ. त्यात क्षार असतात, कार्बनचे अन्न नसते. तयार भुकटी लिटरला ३.२७ ग्रॅम, सामू ७. घटक सुटे आणून बनवायच्या भानगडीत पडू नका, त्यातल्या अमोनियम नायट्रेटच्या विक्रीवर निर्बंध आहेत. माध्यम १२१ अंशांवर २० मिनिटे ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करा.

१०० मिलिलिटर माध्यमात १ ग्रॅम पट्टीचे तुकडे आणि वरच्या निवळीचे ५ मिलिलिटर. ३० अंश, हलवत्या यंत्रावर, तीन ते चार आठवडे. मग त्यातले ५ मिलिलिटर ताज्या माध्यमात आणि ताज्या तुकड्यांवर. असे तीनदा. प्रत्येक वेळी सोबत दोन चंबू हवेतच: एकात जिवाणू आहेत पण प्लॅस्टिक नाही, दुसऱ्यात प्लॅस्टिक आहे पण जिवाणू नाहीत.

पहिल्या चंबूतही गढूळपणा आला तर जिवाणू मातीबरोबर आलेल्या सेंद्रिय अंशावर जगत आहेत. तीनदा बदली करायची ती हा अंश विरळ करण्यासाठी. गढूळपणा फक्त प्लॅस्टिकच्या चंबूत आला तरी घाई नको. पेपर एकमेकांना चिकटू नये म्हणून त्यात एरुकामाइडसारखी मेणकट द्रव्ये घातलेली असतात. जिवाणू तीही खातात आणि साखळीला हातही लावत नाहीत. म्हणून निर्णय इथेही धुतलेल्या पट्टीच्या वजनावर आणि जिवाणू नसलेल्या चंबूशी वजाबाकी करूनच.

पाण्याच्या बाटलीचे तुकडे घालून "जपानी जिवाणूसारखे" काही मिळेल अशी आशा बरेच जण धरतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इडिओनेला साकाईएन्सिस या जिवाणूने ३० अंशांवर पेटची पातळ फीत सुमारे सहा आठवड्यांत जवळपास संपवली, हे खरे. पण ती फीत मुद्दाम अस्फटिक, म्हणजे विस्कळीत साखळ्यांची होती. बाटलीचे पेट ताणून स्फटिकमय केलेले असते आणि विकराला तिथे शिरकाव अवघड जातो.

इशारा: उकिरड्याच्या मातीतून वाढवलेला चंबू म्हणजे अनोळखी जिवाणूंची गर्दी. त्यात रोगजंतूही असू शकतात. झाकण उघडून हुंगू नका, तोंडाने पिपेट ओढू नका, हातमोजे घाला. आणि हे पाणी "प्लॅस्टिक कुजवायला" वावरात, नालीत, विहिरीजवळ मुळीच ओतू नका.

९. आवराआवर

चंबू, काड्या, हातमोजे अर्धा तास ऑटोक्लेव्ह करून मगच फेका. डब्यांतली माती चाळा, जाळीतून निसटलेले तुकडे वेचा, आणि माती वावरात न नेता उकिरड्याच्या कडेलाच टाका. तोललेल्या पट्ट्या तारीख आणि खाच लिहिलेल्या कागदी पाकिटात वर्षभर जपा. कोणी आकड्यावर शंका घेतली तर पुन्हा तोलून दाखवता येते. उरलेला मल्चिंग पेपर माती झटकून, धुऊन, सुकवून गठ्ठा बांधा आणि भंगारवाल्याला द्या. चिखलासकट नेलेला तो घेत नाही, घेतलाच तर चिखलाचे वजन कापतो.